७६ सेंटिमीटर, पण कुठले?

बसा. जर्नलं आज परत मिळणार नाहीत.

बेचाळीस जर्नलं काल रात्री तपासायला घेतली. पंधरावं झालं आणि मी लाल पेन खाली ठेवलं. उरलेल्या जर्नलांचं एकच पान उघडून पाहिलं, ‘फोर्टिनच्या बॅरोमीटरने हवेचा दाब काढणे’. एकतीस जणांच्या तक्त्यात पाऱ्याच्या स्तंभाची उंची आहे ७६.० सेंटिमीटर. सहा जणांनी खरं वाटावं म्हणून ७५.८ आणि ७५.९ अशी रीडिंग लिहून सरासरी काढली आहे. चौघांनी मोबाइलवरचा हवेचा दाब पाहिला आणि उलटा हिशेब करून उंची बसवली. एकीने जे केलं आहे ते मी शेवटी सांगणार आहे, कारण त्याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं.

आपण पुण्यात आहोत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे पारा ७६ सेंटिमीटरवर उभा राहत नाही. काल राहिला नव्हता, उद्या राहणार नाही. पुण्यात पारा खरंच ७६ वर यायचा असेल, तर समुद्रसपाटीला आणलेला दाब १०८० हेक्टोपास्कलच्या आसपास हवा. एवढा दाब जगात नोंदला गेल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सायबेरियातल्या आगाता नावाच्या ठिकाणी ३१ डिसेंबर १९६८ रोजी तो १०८३ च्या वर गेला होता, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. तुम्ही एकतीस जणांनी तो विक्रम पुण्यातल्या एका वर्गात, पंखा लावून, गाठला आहे. हे वाक्य ऐकून मागच्या बाकावर कोणी हसलं, त्याने उभं राहावं. यात हसण्यासारखं काही नाही. एखाद्या वेधशाळेत ही नोंद झाली असती, तर दुसऱ्या दिवशी चौकशी बसली असती.

७६ हा आकडा तुम्ही कुठून आणला ते मला ठाऊक आहे. आठवीच्या पुस्तकात होता, अकरावीच्या गाईडात होता, सीनियरच्या जर्नलात होता. मक्षिकास्थाने मक्षिका. पुस्तकात तो आकडा ‘प्रमाण वातावरण’ म्हणून दिलेला असतो. शून्य अंश सेल्सिअसचा पारा, गुरुत्व त्वरण ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि उंची ७६० मिलिमीटर. ती मोजमापासाठी माणसांनी ठरवून घेतलेली खूण आहे. १९५४ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती पक्की केली, १०१३२५ पास्कल. अमुक गावच्या भिंतीवर अमुक दिवशी पारा किती असेल, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मुंबईला समुद्राकाठी राहणाऱ्यालाही रोज ७६ मिळत नाहीत. जानेवारीत मिळाले तर जुलैत, ऐन पावसाळ्यात, सात-आठ मिलिमीटर कमी मिळतात. आणि महाबळेश्वरला ६५ सेंटिमीटरच्या आसपास.

तुम्ही पाऱ्याकडे पाहिलंच नाहीत. माझं पहिलं भांडण एककांशी नाही, या गोष्टीशी आहे. एककाची चूक करायलाही आधी काहीतरी मोजावं लागतं.

या प्रयोगासाठी माणसांनी काय केलं आहे ते ऐका. १९ सप्टेंबर १६४८. फ्रान्समधलं क्लेरमाँ गाव. ब्लेझ पास्कल स्वतः पॅरिसमध्ये होता. त्याने मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, पत्र लिहून एक काम सांगितलं होतं. टॉरिचेलीची पाऱ्याची नळी त्या वेळी जेमतेम चार-पाच वर्षांची. हवेला वजन असेल आणि तेच वजन पाऱ्याला तोलून धरत असेल, तर डोंगरावर पारा खाली यायला हवा. पेरिएने दोन नळ्या भरल्या. गावातल्या सर्वांत सखल जागी, एका मठाच्या बागेत, दोन्ही नळ्यांत पारा एकाच उंचीवर आला: २६ इंच आणि साडेतीन लिन्य. लिन्य म्हणजे इंचाचा बारावा भाग. एक नळी तिथेच ठेवून एका पाद्र्याला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं, कारण दिवसात हवा बदलली तर फरक कशाचा हे कळणार नाही. दुसरी नळी घेऊन मंडळी प्वी द दोमचा डोंगर चढली. माथ्यावर पारा २३ इंच आणि २ लिन्य. पेरिएचा विश्वास बसेना. त्याने माथ्यावर जागा बदलून, आडोशाला आणि उघड्यावर, पाच वेळा मोजलं. पाचही वेळा तेच.

आता वह्या उघडा आणि २६ इंच साडेतीन लिन्यचे मिलिमीटर करा. तुमच्यातले निम्मे जण लगेच २५.४ ने गुणतील. उत्तर येईल ६६८. चूक. तो पॅरिसचा इंच आहे, राजाच्या पावलाचा बारावा भाग, आणि तो २७.०७ मिलिमीटरचा असतो. म्हणजे पारा होता ७१२ मिलिमीटरच्या आसपास. २५.४ ने गुणणाऱ्याने क्लेरमाँ गाव जवळजवळ अर्धा किलोमीटर वर उचलून ठेवलं. ‘इंच’ हा शब्द दोन्हीकडे तोच, आणि तरी मधे ४४ मिलिमीटर पाऱ्याचा खड्डा. पेरिएने एकक लिहून ठेवलं म्हणून पावणेचारशे वर्षांनी आपण त्याचा हिशेब पुन्हा मांडू शकतो. तुमच्यापैकी अकरा जणांनी उत्तराच्या चौकटीत नुसतं ‘७६’ लिहिलं आहे. पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःलाही त्याचा हिशेब लावता येणार नाही.

आणि हे पाहा: ७१२ मिलिमीटर. आपल्या भिंतीवरच्या पाऱ्याची उंची जवळपास हीच आहे. पेरिए त्याच्या नळीशी पाच वेळा गेला. तुम्हाला दहा पावलं चालायची होती.

आता गणिताकडे येतो. दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. तीन संख्या, एक गुणाकार. यात बेचाळीस जणांनी किती तऱ्हा केल्या आहेत पाहा.

पहिली तऱ्हा: १३६०० गुणिले ९.८ गुणिले ७६०. उंची मिलिमीटरमध्येच ठेवली आणि पुढे पास्कल लिहिलं. उत्तर दहा कोटी तेरा लाख पास्कलच्या जवळ. म्हणजे हजार वातावरणं. हा दाब कुठे असतो माहीत आहे? पॅसिफिक महासागरात, मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळपास अकरा किलोमीटर पाण्याखाली. उत्तर लिहून तुम्ही त्याखाली दुहेरी रेघ मारली आहे.

दुसरी तऱ्हा: १३.६ गुणिले ९.८ गुणिले ०.७६. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. उत्तर १०१.३, पुढे पास्कल. एवढा दाब जमिनीपासून सुमारे ४८ किलोमीटर वर असतो. मंगळावर पृष्ठभागाशी सहाशे पास्कलच्या आसपास दाब असतो. तुमच्या उत्तरात मंगळाइतकीही हवा उरलेली नाही. या खोलीत तुम्ही श्वास घेत बसला होतात आणि वहीत लिहीत होतात की श्वास घ्यायला हवाच नाही. उत्तर आल्यावर ते एकदा स्वतःच्या नाकाशी ताडून पाहायला कोणती परीक्षा आड आली?

तिसरी तऱ्हा मला सर्वांत धोकादायक वाटते, म्हणून इथे थांबणार आहे. १३.६ गुणिले ९.८ गुणिले ७६०. नऊ जणांनी केली आहे. उत्तर येतं १०१२९२.८. पुढे पास्कल. अगदी पुस्तकात असतं तसं. तुम्ही खूश होऊन पुढच्या पानावर गेलात. मी त्या नऊ जणांना या पायरीचे शून्य गुण दिले आहेत आणि माझ्या केबिनपाशी येऊन ‘सर, उत्तर तर बरोबर आहे’ म्हणणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: उत्तर बरोबर नाही. उत्तराच्या जागी योगायोगाने बरोबर आकडा येऊन बसला आहे.

काय झालं ते नीट पाहा. घनता १३.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तिला किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये न्यायला हजाराने गुणायला हवं होतं. ते केलं नाहीत, म्हणजे हजारपट कमी घेतलीत. उंची ७६० मिलिमीटर. तिला मीटरमध्ये आणायला हजाराने भागायला हवं होतं. तेही केलं नाहीत, म्हणजे हजारपट जास्त घेतलीत. एक चूक हजाराने खाली, दुसरी हजाराने वर. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. नशिबाने पारा मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत आहे म्हणून हे घडलं. पुढचंच गणित उंची सेंटिमीटरमध्ये देणारं आहे, ७६ सेंटिमीटर. त्याच नऊ जणांनी तीच पद्धत लावली आणि उत्तर आलं १०१२९ पास्कल. एक-दशांश. तो दाब सुमारे सोळा किलोमीटर उंचीवर असतो, प्रवासी विमानं उडतात त्याच्याही बऱ्याच वर. एकाच पानावर, एकाच हवेचा दाब वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत त्याचा दहावा हिस्सा. नऊपैकी एकालाही खटकलं नाही! चुकीचं उत्तर निदान माणसाला अडवतं. चुकीच्या रस्त्याने आलेलं बरोबर उत्तर त्याला पुढे ढकलत राहतं.

म्हणून एकक प्रत्येक संख्येला चिकटवून लिहायचं. उत्तराच्या शेवटी गंध लावल्यासारखं नाही. १३६०० किलोग्रॅम प्रति घन मीटर, गुणिले ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुणिले ०.७१६ मीटर, आपल्या भिंतीवर खरोखर दिसणारी उंची. मग एककांचाही गुणाकार करायचा: किलोग्रॅम प्रति मीटर प्रति सेकंद वर्ग. तेच न्यूटन प्रति चौरस मीटर, आणि त्याचंच नाव पास्कल. ही ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि या ओळीत वरच्या तिन्ही चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात. जुन्या पद्धतीने सेंटिमीटर-ग्रॅममध्ये करायचं असेल तरी माझी हरकत नाही, १३.६ गुणिले ९८० गुणिले ७१.६, उत्तर डाइन प्रति चौरस सेंटिमीटर. पण एकदा एका घरात शिरलात की सगळं सामान त्याच घरातलं घ्या.

चिन्हांचं एक. मिलिबार लिहिताना तिघांनी मोठा ‘एम’ काढला आहे. छोटा ‘एम’ म्हणजे हजारावा भाग, मोठा म्हणजे दहा लाख. एका अक्षराच्या आकाराने तुम्ही दाब अब्जपट केला. पुन्हा दिसलं तर पूर्ण पान परत लिहावं लागेल.

आता पाऱ्याच्या मिलिमीटरबद्दल. तुम्ही म्हणता, ‘दाब ७६० मिलिमीटर’. मिलिमीटर हे लांबीचं एकक आहे. लांबी दाब कशी होईल? ‘मिलिमीटर पारा’ हे स्वतंत्र एकक आहे, १३३.३२२ पास्कलचं, आणि त्याच्या पोटात दोन अटी आहेत: पारा शून्य अंशाचा आणि गुरुत्व त्वरण प्रमाण किमतीचं. आपल्या भिंतीवरचा पारा शून्य अंशावर नाही. त्या बॅरोमीटरच्या अंगावर, पितळी नळीवर, एक छोटा तापमापक बसवलेला आहे. तो शोभेला आहे असं तुम्हाला वाटलं का? बेचाळीसपैकी एकाही जर्नलात त्याचं रीडिंग नाही. एकाही!

काल संध्याकाळी मी स्वतः रीडिंग घेतलं. तळाचा स्क्रू फिरवून वाटीतला पारा हस्तिदंती टोकाला नेमका टेकवला, टोक आणि त्याचं पाऱ्यातलं प्रतिबिंब भेटेपर्यंत. नळीवर बोटाने हलकी टिचकी मारली, कारण पारा काचेला धरून बसतो. व्हर्नियरची कड पाऱ्याच्या फुगवट्याच्या माथ्याला लावली, डोळा त्याच पातळीत ठेवून. उंची ७१६.० मिलिमीटर. तापमापक २८ अंश.

पारा तापला की फुगतो आणि हलका होतो. पितळी पट्टीही थोडी लांबते. दोन्ही मिळून दर अंशाला उंचीच्या ०.०००१६३ पट कमी करायचं. २८ अंशांना हे होतात जवळपास ३.३ मिलिमीटर. उरले ७१२.७. मग गुरुत्व. पुण्यात ते ९.७८५ च्या आसपास आहे, प्रमाण किमतीपेक्षा किंचित कमी, कारण आपण विषुववृत्ताला जवळ आहोत. त्याचे सुमारे दीड मिलिमीटर गेले. उरले ७११.२. त्याला १.३३३२२ ने गुणा: ९४८.२ हेक्टोपास्कल. हा काल संध्याकाळचा या खोलीतला हवेचा दाब.

दुरुस्ती न करता १३६००, ९.८ आणि ०.७१६ घातले असते तर ९५४.३ आले असते. सहा हेक्टोपास्कलचा फरक. ‘सर, एवढ्याशा फरकाने काय होतं?’ पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण नऊ मीटर. सहा म्हणजे पन्नास-पंचावन्न मीटर. पर्वतीचा निम्म्याहून जास्त चढ तुम्ही ‘एवढ्याशा’ शब्दात गिळला. उत्तर लिहिताना मात्र दशांशचिन्हापुढे चार-चार आकडे. ज्याने तापमापक पाहिला नाही त्याला चौथा दशांश लिहायचा अधिकार नाही.

आता त्या चौघांकडे वळतो, मोबाइलवाल्यांकडे. तुमच्या मोबाइलवर हवामानाच्या पानावर पुण्याचा दाब १०१२ हेक्टोपास्कल दिसला. बरोबर आहे, तो तसाच दिसतो. पण तो पुण्यात मोजलेला दाब नाही. तो समुद्रसपाटीला उतरवलेला दाब आहे. शिवाजीनगरला वेधशाळा आहे. १९२८ साली ते कार्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून जुने पुणेकर अजून त्याला सिमला ऑफिस म्हणतात. अशा प्रत्येक वेधशाळेत बॅरोमीटर वाचतात आणि त्या गावाखाली समुद्रापर्यंत हवेचा स्तंभ असता तर दाब किती भरला असता याचा हिशेब करतात. का? कारण तसं केलं नाही तर नकाशावर फक्त डोंगर दिसतील, हवामान दिसणार नाही. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात केंद्राचा दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. महाबळेश्वरला एरवी, निरभ्र दुपारी, बाजारात लोक स्ट्रॉबेरी घेत असताना, भिंतीवरचा दाब त्याहूनही चाळीसेक हेक्टोपास्कलने कमी असतो. उंची विसरलात तर तुमच्या नकाशावर महाबळेश्वर रोज वादळात असेल. दाब सांगताना एकक तर हवंच, आणि तो कुठल्या पातळीचा हेही हवं. तुम्ही समुद्राचा दाब घेतलात आणि पुण्याच्या बॅरोमीटरच्या तोंडी घातलात. याला माझ्या भाषेत खोटी साक्ष म्हणतात.

विमानाचा उंचीमापक म्हणजे मुळात बॅरोमीटरच असतो. उतरण्याआधी वैमानिक खालच्या नियंत्रकाकडून समुद्रसपाटीचा दाब विचारून घेतो आणि उंचीमापक त्यावर लावतो. आपल्याकडे तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. तिथे २९.९२ इंच हा अगदी रोजचा आकडा आहे, आणि बोलताना पहिला दोन गाळून ‘नऊ नऊ दोन’ म्हणायची सवय पडते. आता कल्पना करा, दाब उतरलेला आहे, नियंत्रक सांगतो ‘नऊ नऊ दोन’, म्हणजे ९९२ हेक्टोपास्कल, आणि ऐकणारा लावतो २९.९२ इंच. ते होतात १०१३ हेक्टोपास्कल. एकवीसचा फरक, सहाशे फूट. उंचीमापक दाखवतो त्यापेक्षा विमान सहाशे फूट खाली असतं. ढगात, रात्री, धावपट्टीकडे येताना. म्हणून आकड्यासोबत एकक मोठ्याने उच्चारायला वैमानिकांना शिकवतात. त्यांना ते घोकवून घेतात. मीही तुमच्याकडून घोकवून घेणार आहे.

बार आणि वातावरण एक नव्हेत, हेही आत्ताच लिहून घ्या. बार म्हणजे बरोबर एक लाख पास्कल. वातावरण म्हणजे १०१३२५. मिलिबार आणि हेक्टोपास्कल मात्र एकच, नाव बदललं, आकडा तोच राहिला. टायरमध्ये ‘बत्तीसची हवा’ भरता ती पौंड प्रति चौरस इंचात, आणि ती बाहेरच्या हवेच्या वरची. डॉक्टर १२० म्हणतात तेही मिलिमीटर पाऱ्यात, बाहेरच्या दाबाच्या वर. मागच्या वर्षी एकाने मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, की बाहेर सातशे आणि रक्तात एकशेवीस, तर माणूस चेपला कसा जात नाही. तो प्रश्न चांगला होता. त्याला आकडा खटकला होता. तुम्हाला आकडे खटकत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

तुमच्यातले कित्येक जण गावाकडून आलेले आहेत. विहिरीवर मोटर बसवताना तुमचे वडील ती काठावर ठेवत नाहीत, विहिरीत ओटा बांधून पाण्याच्या जवळ खाली उतरवतात. का? ओढणारा पंप पाणी ‘ओढत’ नाही. बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि ७११ मिलिमीटर पाऱ्याइतकी हवा पाण्याला ९.७ मीटरच्या वर ढकलूच शकत नाही. प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढे पंप कुरकुरतो. हे तुमच्या वडिलांना बॅरोमीटर न पाहता कळलं, कारण त्यांनी विहिरीकडे पाहिलं. त्यांनी तुम्हाला इथे पाठवलं ते ७६ लिहायला नाही.

आता त्या एका जर्नलाबद्दल. काल संध्याकाळी मी बॅरोमीटरपाशी गेलो तेव्हा व्हर्नियर ७१.६ वर होता. म्हणजे कोणीतरी तो हलवला होता. कोणीतरी स्क्रू फिरवून, वाकून, पाहिलं होतं. मी घरी येऊन सगळी पानं दिव्याखाली धरली. एका पानावर ७६.० च्या खाली, खोडलेल्या पेन्सिलची खूण दिसली. ७१.६०. तीन रीडिंग, तिन्ही खोडलेली. तू कोण आहेस ते मी वर्गात सांगणार नाही. तुझ्या हातात या खोलीतलं एकमेव खरं रीडिंग होतं. शेजारच्या एकतीस जणांचं वेगळं आलं म्हणून तू ते पुसलंस. माझा राग तुझ्यावर नाही, तुझ्या भीतीवर आहे. एकतीस जणांनी न पाहता लिहिलेलं होतं, तू पाहून लिहिलेलं होतंस. त्या पेन्सिलच्या खुणेला मी पूर्ण गुण दिले आहेत. तिच्यावर शाईने लिहिलेल्या ७६ ला शून्य.

बाकीच्यांनी ऐका. हा प्रयोग रद्द. सोमवारी सकाळी दहा वाजता बॅरोमीटरपाशी हजर राहायचं, चार-चारच्या गटाने. दुपारी चार वाजता पुन्हा. आपल्या भागात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक असतो दोन-तीन मिलिमीटरचा. ज्यांनी खरंच पाहिलं त्यांच्या वहीत तो उतरेल. आधी तापमापक वाचा, कारण तुमच्या श्वासाने तो चढतो. मग स्क्रू, मग टिचकी, मग व्हर्नियर. प्रत्येक आकड्यापुढे एकक, आणि पानाच्या वर ठिकाण, उंची, तारीख आणि वेळ.

शाईचं पेन आणा. खोडरबर बाहेर ठेवून या.